१४५ कोटी गुण आणि दुसरी नजर

पिंपरी-चिंचवड शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७ लाख २७ हजार भरली. त्यात पिंपळे सौदागर आलं, रहाटणी आली, भोसरी, निगडी, सांगवी, सगळं आलं. आता असं समजा की या शहरातली जवळजवळ सगळी माणसं, तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत, एकाच सकाळी शाईपेन घेऊन बाकावर बसली आहेत. महाराष्ट्रात दरवर्षी साधारण असंच घडतं. फेब्रुवारी-मार्च २०२५ च्या दहावीच्या परीक्षेला १६ लाख ११ हजार ६१० विद्यार्थ्यांनी नोंदणी केली होती आणि परीक्षा केंद्रं होती ५,१३०. बारावीचे १५ लाख ५ हजार ३७ विद्यार्थी वेगळेच.

परीक्षा घेणं हे या कामाचं सोपं अर्धं. अवघड अर्धं शेवटची घंटा झाल्यावर सुरू होतं. तिथले आकडे सहसा कोणी मांडत नाही, म्हणून इथे मांडतो. विद्यार्थिसंख्या मंडळाची आहे, पुढचा हिशेब माझा ढोबळ आहे.

दहावीच्या मुलाला लेखी पेपर नऊ: तीन भाषा, गणिताचे दोन, विज्ञानाचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन. बारावीला सरासरी सहा धरू. गुणाकार केला की उत्तरपत्रिका होतात २ कोटी ३५ लाख. दर उत्तरपत्रिकेत लिहिलेली पंधराच पानं धरली, पुरवण्या सोडून दिल्या, तरी ३५ कोटी पानं होतात. म्हणजे साडेसतरा कोटींहून जास्त कागद. एकावर एक रचले तर साडेसतरा किलोमीटर उंचीचा ढीग होईल, दहा कळसूबाई एकावर एक उभे केल्यावरही तो वर उरेल. एकापुढे एक मांडले तर विषुववृत्तावरून पृथ्वीला वेढा घालून आणखी बारा हजार किलोमीटर शिल्लक राहतील. वजन पावणेआठशे टनांच्या घरात. चाकणहून रोज निघणाऱ्या दहा टनी ट्रकांत भरायचं तर सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर ट्रक लागतील.

हा झाला कागद. त्यावरचं माणसाचं काम मोजलं की डोकं खरं गरगरतं. एक उत्तरपत्रिका नीट वाचायला दहा मिनिटं धरली तर एकूण ३९ लाख तास होतात. एकाच शिक्षकाने रोज आठ तास, रविवार-दिवाळी न पाळता हे काम करायचं ठरवलं, तर त्याला १,३४० वर्षं लागतील. २०२५ च्या निकालासाठी त्याला बदामीच्या चालुक्यांच्या काळात, सन ६८० च्या सुमाराला लाल पेन हातात घ्यावं लागलं असतं. प्रत्यक्षात दहावीची लेखी परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. मध्ये दिवस सत्तावन्न. त्या दिवसांत शिक्षकांना शाळेच्या वार्षिक परीक्षा, स्वतःच्या वर्गाचे निकाल, लग्नसराई आणि उन्हाळा हे सगळं होतंच. या शिक्षकांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ते या आदरापोटीच.

अजून एक आकडा राहिला, आणि मला तो सगळ्यांत मोठा वाटतो. दहावीच्या प्रत्येक मुलाचे लेखी गुण ४८०. बारावीला सुमारे साडेचारशे. सगळ्या मुलांचे मिळून होतात १४५ कोटी. म्हणजे भारतात जेवढी माणसं, तेवढे गुण. यातला प्रत्येक गुण द्यायचा की नाही हे कोणीतरी माणूस, कागदाकडे बघून, काही सेकंदांत ठरवतो. दहावीला सर्वोत्तम पाच विषयांचे ५०० पैकी गुण धरतात, म्हणजे एक गुण ०.२ टक्के. अकरावीच्या प्रवेशाची यादी पाहिलेल्या कोणत्याही आईबापाला या ०.२ चं वजन वेगळं सांगायला नको.

आता हेच काम संगणकाच्या मदतीने केलं तर?

बहुपर्यायी परीक्षांत हा प्रश्न कधीच सुटला. २०२५ च्या ‘नीट’ला २२ लाखांहून जास्त मुलांची नोंदणी होती, दर मुलाला १८० प्रश्न. चाळीस कोटी गोल. यंत्र ते कुरकुर न करता वाचतं, कारण तिथे काळा गोल की पांढरा गोल एवढंच बघायचं असतं. लेखी उत्तराचं तसं नाही. तिथे दोन अगदी वेगळी कामं एकात मिसळलेली असतात, आणि संगणकाच्या तपासणीवर बोलताना आपण ती नेहमी एकत्र करतो. एक काम वाहून नेण्याचं, मोजण्याचं आणि बेरजेचं. दुसरं काम समजून घेण्याचं.

पहिलं काम आधी घेऊ. आज उत्तरपत्रिकेचा गठ्ठा केंद्रावरून परिरक्षकाकडे, तिथून परीक्षकाकडे, परीक्षकाकडून नियामकाकडे असा फिरतो. अनेकदा तो शिक्षकाच्या घरी जातो. मार्च २०२५ मध्ये विरारला एका घराला आग लागली, त्यात बारावीच्या शंभरावर उत्तरपत्रिका जळाल्या. २ कोटी ३५ लाखांत शंभर म्हणजे काहीच नाही असं म्हणता येईल, पण ते त्या शंभर घरांत जाऊन म्हणता येणार नाही.

पडद्यावर तपासणी करायची पद्धत अशी: उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, नाव-नंबर झाकलेला. शिवण कापून पानं सुटी करतात, स्कॅनरमधून काढतात आणि परीक्षकाला पडद्यावर दाखवतात. मिनिटाला शंभर पानं ओढणारा स्कॅनर धरला तर ३५ कोटी पानांना एका यंत्राला रात्रंदिवस चालून पावणेसात वर्षं लागतील. दोनशे स्कॅनर रोज दहा तास चालवले तर महिनाभरात काम आटपतं. एका पानाचं चित्र शंभर केबीचं धरा, सगळं मिळून ३५ टेराबाइट होतं. वीस-वीस टेराबाइटच्या दोन हार्ड डिस्कमध्ये मावेल एवढंच. सत्त्याहत्तर ट्रकांचं ओझं शबनममध्ये घालून पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकातून शिवाजीनगरला, राज्य मंडळाच्या कचेरीत, दुचाकीवरून नेता येईल.

आमच्या भागात अशी सॉफ्टवेअर लिहिणारी, तपासणारी माणसं जिन्याजिन्यात राहतात. हिंजवडी इथून हाकेच्या अंतरावर. त्यांना यातली पुढची गोष्ट सांगावी लागत नाही: मोठ्या संख्येत छोटी चूक मोठी होते. स्कॅन करताना लाखात एकच पान दुमडलं, चिकटून गेलं, निसटलं असं धरा. ३५ कोटींत ती साडेतीन हजार पानं झाली. साडेतीन हजार मुलांचं एखादं उत्तर कोणी वाचलंच नाही.

हा धोका नुसता कल्पनेतला नाही. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळ्यात सगळ्या विद्याशाखांची तपासणी एकदम पडद्यावर नेली. अभियांत्रिकीसारख्या एखाद्या शाखेत अनुभव घेणं वेगळं, आणि ४७७ परीक्षांच्या १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका एकाच हंगामात नेणं वेगळं. निर्णय झाला तेव्हा परीक्षा सुरू होत्या. दर उत्तरपत्रिकेची तीस पानं धरली तरी ती पाच कोटी पानं होतात, आणि ती ज्यांनी वाचायची त्या प्राध्यापकांतल्या कित्येकांनी तो पडदा तोवर पाहिलाही नव्हता. तत्कालीन कुलपती, राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. कॉलेजांचे वर्ग काही दिवस बंद ठेवून प्राध्यापकांना तपासणीला बसवलं, बाहेरच्या विद्यापीठांतून मदत मागवली. मुदत हुकली. निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. उत्तरपत्रिका सापडत नाहीत, हजर असलेला विद्यार्थी गैरहजर दिसतो, अशा तक्रारींचा ढीग लागला. विधीचे विद्यार्थी तर पुढच्या प्रवेशांच्या तारखा डोळ्यांदेखत जाताना बघत बसले. २४ ऑक्टोबर २०१७ ला कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं.

त्यानंतर ‘ऑनलाइन तपासणी’ हे शब्द मराठी घरांत शिवीसारखे वापरले गेले, आणि मला त्याचं वाईट वाटतं. कारण त्या घोळात जे बिघडलं ते वाहतुकीचं, नियोजनाचं आणि तयारीचं. कोट्यवधी पानं कुठल्या रांगेत कधी जातील, कोणी किती वाचायची, सर्व्हर किती जणांचा भार घेईल, याची रंगीत तालीम झाली नव्हती. पडद्यावरच्या तपासणीतून जे मिळू शकलं असतं, ते मिळण्याआधीच सगळं कोसळलं.

काय मिळू शकतं? बेरीज चुकत नाही, हे पहिलं. हजारात एका उत्तरपत्रिकेची बेरीज चुकते असं धरलं, तर २३ हजार मुलं गुणपडताळणीच्या रांगेत उभी राहतात. एखादं पान उघडलंच नाही, एखाद्या उपप्रश्नाला गुणही नाही आणि शून्यही नाही, तर संगणक पुढे जाऊच देत नाही. हे साधं आहे, पण मोलाचं आहे. त्याहून मोठं जे आहे ते समजायला मला आमच्याच पट्ट्यातल्या कारखान्यांची मदत होते.

चाकण-भोसरीतल्या कोणत्याही सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटीवाल्याला विचारा. भाग मोजायच्या आधी ते मोजमाप तपासतात. त्याला ‘गेज आर अँड आर’ म्हणतात. दहा नग घ्यायचे, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने तोच नग दोन-तीनदा मोजायचा, आधीचं वाचन न बघता. एकाच माणसाचं दोन वेळचं माप जुळतं का, आणि दोन माणसांची मापं एकमेकांशी जुळतात का, हे पाहायचं. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, तीस टक्क्यांच्या वर गेला तर ती मोजणीची पद्धतच बाद. साध्या बुशिंगचा व्यास मोजण्याआधी ही काळजी घेतली जाते. दहावीच्या निबंधाला गुण देणाऱ्या हाताची अशी तपासणी होते का?

जगात अशी तपासणी झाली आहे, आणि ती करणाऱ्यांतल्या एकाचा भारताशी जवळचा संबंध होता. सर फिलिप हार्टोग हे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. भारतातल्या शिक्षणावरची १९२९ ची हार्टोग समिती त्यांचीच. पुढे इंग्लंडात त्यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासोबत परीक्षांचीच परीक्षा घेतली आणि १९३५ मध्ये ती प्रसिद्ध केली. इतिहासाच्या अशा पंधरा उत्तरपत्रिका घेतल्या की ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच गुण मिळाले होते. त्या अनुभवी परीक्षकांना दिल्या. गुण पडले २१ पासून ७० पर्यंत. वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी पुन्हा तपासल्या. चौदा गुणिले पंधरा म्हणजे २१० निवाडे. त्यांतल्या ९२ वेळा, त्याच माणसाने त्याच कागदाबद्दल दुसऱ्यांदा वेगळा निकाल दिला: आधी नापास तर आता पास, आधी पास तर आता वरची श्रेणी, किंवा उलट. त्याआधी १९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली होती. गुण ६४ ते ९८.

चाकणच्या भाषेत सांगायचं तर ही मोजपट्टी बाद ठरली असती. आणि यात कोणाही शिक्षकाचा दोष नाही. चाळिसावी उत्तरपत्रिका पहिल्यासारखी वाचता येत नाही. उत्तम उत्तरानंतर आलेलं मध्यम उत्तर फिकं वाटतं. दुपारी तीन वाजता, वीज गेलेली असताना, माणूस वेगळा असतो.

यावर उपाय एकच: दुसरी नजर. तोच कागद, पहिल्याचे गुण न बघता, दुसऱ्या माणसाने तपासायचा. कागदाच्या गठ्ठ्यांत हे जवळजवळ अशक्य, कारण ट्रक पुन्हा फिरवावे लागतात आणि पहिल्याची लाल शाई दिसतेच. पडद्यावर ते एका क्षणाचं काम आहे. चीनमध्ये ‘गाओकाओ’ या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला २०२५ साली १ कोटी ३३ लाखांहून जास्त विद्यार्थी होते. तिथे निबंध पडद्यावर दोन शिक्षक स्वतंत्रपणे तपासतात, फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तिसऱ्याकडे जातो. ब्रिटनमध्ये आणखी एक युक्ती वापरतात. ज्यांचे गुण ज्येष्ठ परीक्षकांनी आधीच ठरवले आहेत अशी उत्तरं परीक्षकाच्या पडद्यावर मधूनच, न सांगता येतात. त्याचे गुण फार भरकटले तर त्याची तपासणी तिथेच थांबवली जाते. आपल्याकडे नियामक काही उत्तरपत्रिका पुन्हा बघतातच. पण दर परीक्षकाच्या दर तासाच्या कामावर असं सतत लक्ष ठेवणं माणसाच्या आवाक्यातलं नाही. संगणकाला ते सहज जमतं.

मग गुणच संगणकाने का देऊ नयेत? हा प्रश्न जुना आहे. एलिस पेज या अमेरिकन प्राध्यापकाने १९६६ मध्येच लिहिलं होतं की निबंध तपासणारा संगणक आता दूर नाही. त्यांचं यंत्र निबंध समजून घेत नव्हतं. शब्दांची लांबी, स्वल्पविराम असल्या खुणा मोजून ते माणसाच्या गुणांचा अंदाज करत होतं, आणि अंदाज बरा निघत होता. १९९९ पासून ‘जीमॅट’ या व्यवस्थापन प्रवेश परीक्षेच्या निबंधावर माणसासोबत संगणकही गुण देऊ लागला. २०२४ मध्ये टेक्सास राज्याने शालेय परीक्षेतली लेखी उत्तरं आधी संगणकाला दिली. सुमारे चौथाई उत्तरं माणसाकडे पुन्हा गेली, आणि तात्पुरते परीक्षक आदल्या वर्षीच्या ६ हजारांवरून २ हजारांच्या खाली आले. दुसऱ्या बाजूला एमआयटीचे लेस पेरेलमन यांनी २०१४ मध्ये विद्यार्थ्यांसोबत एक प्रोग्रॅम बनवला. तो भारदस्त शब्दांचे निरर्थक निबंध तयार करी, आणि तपासणारी यंत्रं त्यांना चांगले गुण देत.

आपल्या मातीतलं एक उदाहरण घेऊ. भूगोलाचा प्रश्न समजा: पर्जन्यछायेचा प्रदेश कसा तयार होतो? तीन गुण. आदर्श उत्तरात प्रतिरोध पर्जन्य, वाताभिमुख बाजू, बाष्पाचं प्रमाण हे शब्द आहेत. एका मुलीने लिहिलं: ‘ढग डोंगराला आडतो आन् हिकडंच रिता होतो. पलीकडं जाईस्तोवर त्यात पाणीच ऱ्हात नाही, म्हणून आमच्याकडं बाजरी आन् लोणावळ्याकडं भात.’ शब्द जुळवणारं यंत्र हिला शून्य देईल. चांगली बाई क्षणभर थांबेल, आणि दोन गुण देईल, कदाचित अडीच. शेजारच्या मुलाने तिन्ही शब्द पाठ करून उलट्या क्रमाने लिहिले असतील. यंत्राचे तीन, बाईंचा एक. आजचे मोठे भाषिक प्रोग्रॅम शब्द जुळवण्याच्या कितीतरी पुढे गेले आहेत, ते त्या मुलीचं उत्तर ओळखूही शकतील. पण त्याआधी त्यांना ते वाचता आलं पाहिजे. घाईत लिहिलेलं देवनागरी, अर्ध्यावर सोडलेली वेलांटी, शिरोरेषा न दिलेली ओळ, खोडून वर बाण काढून ‘मागील पान पाहा’ लिहिलेलं. शिक्षक त्या बाणामागे जातात. यंत्राने बाण ओलांडला नाही, तर उत्तर अर्धंच राहतं. १४५ कोटी निवाड्यांत हे शेकडा एकदा झालं, तरी दीड कोटी गुण भलतीकडे गेले.

म्हणून माझा आग्रह असा की गुण शिक्षकाच्याच हातात राहावेत, आणि संगणकाला दुसऱ्या नजरेचं काम द्यावं. कोणती उत्तरपत्रिका पुन्हा पाहायची हे त्याने सुचवावं: पासच्या ३५ गुणांना दोन गुण कमी पडलेली, एका परीक्षकाच्या नेहमीच्या चालीपेक्षा फार वेगळी, फार भराभर तपासलेली. सगळ्याच उत्तरपत्रिका दोनदा तपासायच्या तर आणखी ४ लाख ९० हजार दिवसांचं काम लागेल, ते जमणार नाही. नेमक्या पाच टक्के निवडल्या तर साडेचोवीस हजार दिवस पुरतात. त्या शिक्षकांना त्याचं मानधनही नीट मिळालं पाहिजे, ही पुस्ती मी मुद्दाम जोडतो, कारण या चर्चेत ती कायम राहून जाते.

सुरुवात कुठून करायची हेही आकडेच सांगतात. मंडळाच्या नऊ विभागांत कोकण विभाग सगळ्यांत लहान, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून दहावीला साधारण २७ हजार मुलं. एकच पेपर घ्या, भूगोलाचा. नेहमीप्रमाणे कागदावरच तपासा आणि निकाल त्यावरच लावा, पण तपासण्याआधी पानं स्कॅन करून ठेवा. चार लाख पानं होतात, एका स्कॅनरचं आठवड्याभराचं काम. निकालानंतर मे महिन्यात त्याच उत्तरपत्रिका पडद्यावर दुसऱ्या शिक्षकांना दाखवा. साडेचार हजार तास, म्हणजे साठ शिक्षक दहा दिवस. मग दोन्ही गुणांचा फरक प्रश्न आणि गुणांच्या पट्ट्यांनुसार मंडळाने छापावा, चाकणच्या कारखान्यात मोजमापाचा तक्ता यंत्राशेजारी लावतात तसा, सगळ्यांना दिसेल असा.